पेंट शॉपचं दार

"साहेब, डोकं जरा खाली करा," मी म्हणालो.

एचआरचे साहेब हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय.

"अहो मास्तर, कार्यक्रमाच्या पत्रिका वाटायला आलोय. दोन मिनिटांचं काम आहे."

"केसांना काहीतरी लावलंय तुम्ही."

"थोडं जेल. मुलाचं होतं, हाताशी आलं म्हणून लावलं."

"मग पत्रिका इथेच द्या."

ते तोंड पाडून परत गेले. माझ्या दारातून असे बरेच जण परत गेलेत. एकदा तर खुद्द प्लांटचे मोठे साहेब गेले, हात धुऊन आले, तेव्हा मी त्यांना आत सोडलं. मोटारीच्या कारखान्यात गाड्या जिथे रंगवतात त्या पेंट शॉपच्या स्वच्छतेचा मी सुपरवायझर. पाळी सुरू होताना दारात उभं राहायचं, प्रत्येकाचे हात, केस, कपडे बघायचे, वास घ्यायचा. केसांच्या जेलमध्ये, हाताच्या क्रीममध्ये, अंगावर मारायच्या स्प्रेमध्ये सिलिकोन असतं. त्याचा एक कण जरी पत्र्यावर बसला तरी रंग तिथे धरत नाही, बाजूला सरतो आणि टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा उरतो. शाळामास्तरसारखा रोज हात तपासतो म्हणून मला मास्तर म्हणतात. पंचवीस वर्षांत माझं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलंय.

मी पत्रिका उघडली आणि पहिल्याच पानावर अडकलो.

आमची कंपनी मोटारी बनवते, पण रंग मारणारे रोबो दुसऱ्या कंपनीचे. पहिल्या गाडीपासून आजवर त्यांचेच. या सोबतीला पंचवीस वर्षं झाली म्हणून शनिवारी समारंभ होता. शुक्रवारी गडद निळ्या रंगाची एक खास गाडी रंगवायची आणि दुसऱ्या दिवशी स्टेजवर तिच्यावरचा पडदा काढायचा. पडदा काढणार होता पाहुणा. पत्रिकेवर फोटोही त्याचाच, पहिल्या रोबोला टेकून उभा असलेला, काळाभोर केसांचा. तो फोटो काढणारा मी. म्हणून मी त्यात नाही. माझं नाव शेवटच्या पानावर, 'विशेष साहाय्य' या ओळीत, मंडपवाल्याच्या खाली होतं.

पाहुणा म्हणजे त्या रोबोवाल्या कंपनीचा माणूस. मशीन बसवायला तीन आठवड्यांसाठी आला होता, तेव्हा कोणीतरी गमतीनं पाहुणे म्हणालं. पंचवीस वर्षं झाली, पाहुणा काही हलला नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो, मनात मात्र अरे-तुरे. इथे मनातलंच सांगतोय.

त्याने माझं वाईट कधीच केलं नाही, हेच तर दुखणं होतं. लाइन बंद पडली की आमचे मॅनेजर माझ्याकडे न बघता विचारायचे, "पाहुणे काय म्हणतात?" मी अर्धा तास घसा कोरडा करून जे सांगितलेलं असायचं, तेच पाहुणा दोन वाक्यांत सांगायचा आणि सगळे माना डोलवायचे. कॅन्टीनमधल्या पोरींनासुद्धा त्याच्या चहात साखर किती हे पाठ. माझ्या चहाचं त्या अजून मला विचारतात.

घरी पत्रिका दाखवली. बायको चष्मा लावून फोटो बघत बसली.

"अगंबाई! किती तरुण होते हो. पण अजूनही तसेच आहेत नाही? तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे असून वाटत नाहीत."

"रंग लावत असेल."

"लावू दे की! तुम्ही तर कारखानाभर रंग लावता आणि स्वतःचं डोकं बघा." ती हसली. मीही हसलो. पण ते वाक्य नखात शिरलेल्या कुसळासारखं चार दिवस सलत राहिलं.

शुक्रवारी सकाळी ती भाजी आणायला गेली होती. मी कपाटाच्या मागे हात घातला. तिथे एक बाटली होती. मेहुणीने तिला दिलेलं केस चमकवायचं सीरम. आमच्या घरात असलं काही ठेवायचं नाही असा पंचवीस वर्षांचा नियम. सुगंधी तेल नाही, क्रीम नाही, पावडर नाही; उशीला लागेल, तिथून माझ्या केसांना, तिथून गाडीला. दोन महिन्यांपूर्वी मी तिला ती बाटली फेकायला सांगितली होती. तिने फेकली नाही हे मला ठाऊक होतं. कपाटामागून काढून ती कधीतरी नुसती बघायची.

मी चार थेंब घेतले. त्या दिवशी कंपनीच्या मासिकाचा फोटोग्राफर येणार होता. बाटलीवर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. वाचलं असतं तर लावता आलं नसतं. आणि डोक्यावर टोपी असतेच की, असंही मी स्वतःला सांगितलं. हेच कोणी मला दारात सांगितलं असतं, तर मी त्याला उभा सोलला असता.

दारात मी सगळ्यांना तपासलं. मला तपासणारं कोणी नव्हतं.

निळ्या गाडीचा सांगाडा रंगाच्या खोलीपुढे येऊन थांबला. फोटोग्राफर काचेपलीकडे. एका बाजूला पाहुणा, एका बाजूला मी. फोटोग्राफरने खूण केली, चेहरा नीट दिसत नाही, टोपी मागे घ्या. पाहुण्याने मान हलवून नकार दिला. मी घेतली. हातमोजा घातलेल्या हाताने केस सारखे केले. मग टोपी चढवली, धूळ टिपायचं चिकट कापड उचललं आणि बॉनेट शेवटचं एकदा स्वतःच्या हाताने पुसलं. पंचविसाव्या वर्षाच्या गाडीला शेवटचा हात माझाच लागायला हवा होता.

दोन तासांनी गाडी भट्टीतून बाहेर आली. दिव्यांखाली बॉनेटवर खड्डे दिसले. पंधरा-वीस असतील.

मॅनेजरांचा पारा चढला. "पाहुणे, हे काय? तुमच्या मशीनला आजचाच मुहूर्त मिळाला?"

खरं सांगतो, त्या घडीला मला गारेगार वाटलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी पाहुण्यावर ओरडत होतं आणि मी बाजूला उभा होतो, धुतल्या तांदळासारखा. मग मी खड्ड्यांकडे नीट पाहिलं. ते विखुरलेले नव्हते. डावीकडून उजवीकडे एका कमानीत होते, हात फिरावा तसे. रोबो तसा फिरत नाही. माणूस पुसतो तेव्हा हात तसा फिरतो.

पाहुणाही वाकून बघत होता. तो उठला, माझ्या जवळून गेला, क्षणभर थबकला. माझ्या टोपीपाशी त्याने एकदा वास घेतला.

"आमच्या बाजूचं आहे साहेब," तो मॅनेजरांना म्हणाला. "हवेच्या फिल्टरमधून आलेलं दिसतंय. बदलतो. बॉनेट घासून पुन्हा रंगवू, संध्याकाळपर्यंत गाडी तयार."

"आणि उद्या तुमचाच सत्कार करायचा? तुमच्या ऑफिसला कळवतो. स्टेजवर दुसऱ्या कोणाला तरी पाठवू दे."

"चालेल," पाहुणा म्हणाला.

मॅनेजर गेले. पाहुणा फिल्टरचं झाकण खोलायला लागला होता. त्यात काही नाही हे त्यालाही माहीत, मलाही. वर न बघताच हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, डोकं धुऊन या. मी तोवर थांबतो."

मी नळाखाली डोकं धरलं, साबणाने तीनदा घासलं. वाटलं होतं, या माणसाबद्दलची जळजळ आता तरी विझेल. कसलं काय! आता त्याच्या मोठेपणाचाही हेवा वाटायला लागला. खरेपणा तेवढा एक राहिला होता माझ्याकडे, त्यातही तो पुढे गेला.

संध्याकाळी दार उघडताच बायकोने माझ्या कॉलरचा वास घेतला. "हा माझ्या बाटलीचा वास." आधी ती हसली. मग माझं तोंड बघून थांबली. मी सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती खुर्चीवर बसली आणि स्वतःच्या वेणीचं टोक बोटांनी चाचपत राहिली.

"भाचीच्या लग्नातसुद्धा मी कोरड्या केसांनी गेले," ती म्हणाली. "बायका विचारायच्या, कोणाचं सुतक आहे का? मी म्हणायचे, आमच्या ह्यांचं दार आहे. मला त्याची मिजास होती हो. आता सांगा, मी हे कशापायी केलं?"

"तो काही बोलणार नाही. कोणाला कळणार नाही."

"मला कळलंय ना."



शनिवारी सकाळी मी दारात उभा होतो. समारंभाआधी लाइन दाखवायला मॅनेजर रोबोवाल्या कंपनीच्या साहेबांना घेऊन आले. पाच-सहा जण होते. सगळ्यांच्या मागे, नवा शर्ट न घालता, रोजच्या कपड्यांत पाहुणा.

"मास्तर, उरका लवकर," मॅनेजर म्हणाले.

"साहेब, कालचे खड्डे फिल्टरचे नव्हते. माझ्या केसांचे होते."

"आपण नंतर बोलू."

"नंतर नाही, इथेच. मी केसांना सीरम लावून आत गेलो. टोपी काढली, केसांना हात लावला आणि त्याच हाताने बॉनेट पुसलं. यांनी स्वतःवर घेतलं."

पाहुण्यांच्या साहेबांनी वळून पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे बुटांकडे बघत होते. मॅनेजरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सोमवारपासून स्टोअरला बसा," शेवटी ते म्हणाले.

"बसतो."

"आणि पाहुणे, पडदा तुम्हीच काढायचा. कपडे बदलून घ्या."

त्या क्षणीही मला त्यांचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? त्यांना स्टेजवर मीच चढवलं होतं आणि तरी वाटला.

"चला, आता तपासा सगळ्यांना," मॅनेजर घड्याळ बघत म्हणाले.

"तपासतो. आधी मला कोणीतरी तपासायला हवं."

कोणी पुढे येईना. मी पाहुण्यांकडे पाहिलं. ते साहेबांच्या मधून वाट काढत आले आणि माझ्या जागी, उंबऱ्याच्या आतल्या पिवळ्या पट्टीवर उभे राहिले. तिथे माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते उलटेपालटे करून पाहिले, नखंसुद्धा पाहिली, जशी मी त्यांची पंचवीस वर्षं रोज पाहत आलो होतो.

"डोकं खाली करा," ते म्हणाले.

मी टोपी काढून मान वाकवली. ते वास घ्यायला वाकले तेव्हा डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला त्यांच्या कानाजवळच्या केसांची मुळं दिसली, पांढरीशुभ्र; आजवर कधी लक्षच गेलं नव्हतं. त्यांनी सावकाश श्वास घेतला. बाकीचे सगळे रांगेत वाट बघत होते.

"जा आत," पाहुणे म्हणाले, आणि मी गेलो.