भोंगा गेला, नाव राहिलं

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समुद्रपूरच्या अलीकडचा डांबरी रस्ता डोळ्यांपुढे आणा. कडेला कापसाने भरलेल्या बंड्यांची रांग आहे, बैल रवंथ करत आहेत आणि हवेत रुईचे तंतू तरंगत आहेत. आता एक लांब भोंगा वाजू द्या. ऐकलात? या साऱ्या पसाऱ्याला लोक ज्या नावाने ओळखत, ते नाव म्हणजे मी. मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. जीन.

माझं कूळ फार दूरचं. लॅटिन भाषेत माझ्या पूर्वजाचा अर्थ होता माणसाची उपजत हुशारी. तो फ्रान्समार्गे इंग्लंडात पोचला, तेव्हा हुशारीने घडवलेल्या वस्तूंनाच त्याचं नाव पडलं. 'इंजिन' हा शब्द त्यातलाच. बोलणाऱ्यांना घाई असते. त्यांनी इंजिनाचं डोकं उडवलं आणि उरलो मी. तिथे कधी मी ओझं उचलणारं यंत्र होतो, कधी सशासाठी लावलेला फास. पुढे सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्राला माझं नाव मिळालं आणि त्या यंत्राबरोबर मी विदर्भात उतरलो.

इथल्या लोकांनी यंत्राला 'रेचा' म्हटलं आणि मला अख्खा कारखाना देऊन टाकला, फाटकाबाहेरच्या चिंचेसकट. "जिनात जाऊन येतो," असं म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नसे.

त्या जिनात वच्छलाबाई कापूस निवडायला होत्या. रोशनी त्यांच्या दिराची मुलगी. ती त्यांना मोठी माय म्हणे. संध्याकाळी मोठी माय घरी आली की तिच्या केसांतली रुई वेचायचं काम रोशनीचं.

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका हंगामात भोंगा वाजलाच नाही. रेचे भंगारात गेले, भिंती पडल्या, चिंचही तुटली. मी मात्र एसटीच्या थांब्यावर तगून होतो. कंडक्टर मधुकरराव गाडी थांबायच्या आधीच ओरडत, "चला, जीनवाले उतरा!"

वच्छलाबाई आता घरच्या मळ्यातली वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन हिंगणघाटच्या बाजारात बसत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. खिडकीबाहेर त्यांना नुसता उजेड दिसे. त्या माझी हाक ऐकून उतरत.

मधुकरराव निवृत्त झाले. जिनाच्या जागेवर प्लॉट पडले आणि 'सपना नगर' अशी पाटी लागली. नवा कंडक्टर पाटीवरचं नाव पुकारू लागला. वच्छलाबाई माझी वाट पाहत बसून राहिल्या. गाडी बरीच पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, जीन नाई आलं काय अजून?"

"कोनतं जीन, बाई? इथं जीन कुठी हाये?"

"माहे केस पांढरे झाले त्या रुईत, अन् तू मले इचारतो कुठी हाये?"

गाडीत हशा पिकला. त्या उतरल्या आणि भर उन्हात रस्त्याच्या कडेकडेने मागे गावाकडे चालू लागल्या. रोशनीच्या वडिलांना, ताराचंदला, रस्त्याखालच्या मोरीजवळ त्या बसलेल्या सापडल्या. टोपली रस्त्यावर उपडी पडली होती.

"वयनी, आता बजार बंद," ताराचंद म्हणाला. "भाजी मी नेत जाईन."

 त्या दिवसापासून वच्छलाबाई ओसरीवर बसून रिकाम्या टोपलीच्या कडेवरून बोट फिरवत राहत. जेवायलाही दोनदा हाक मारावी लागे.

मित्रांनो, एखादी वस्तू मोडली म्हणून तिचं नाव लगेच पुसू नका. त्या नावाच्या भरवशावर कुणीतरी अजून घरी येत असतं.

पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी रोशनी वडिलांना म्हणाली, "बाबा, एक डाव जाऊ द्या तिले. मी उभी राहीन थांब्यावर."

"तू उभी राहून का करशीन? तिले दिसते काय तू?"

 ताराचंदने बराच वेळ ओसरीकडे पाहिलं आणि मग टोपली भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई बाजाराला गेल्या आणि ऊन कलल्यावर रोशनी पाटीखाली येऊन उभी राहिली. पहिली गाडी आली, तशी ती खिडक्यांजवळून धावत ओरडली, "जीन! जीन आलं!" कुणी उतरलं नाही. प्लॉट पाहायला आलेला एक माणूस हसला, "काय विकून राह्यली व पोरी?"

माझा अर्थ आता कुणाला लागत नव्हता. या दोघींनंतर मला हाक मारणारं कुणी उरणार नाही, हेही मला कळत होतं.

दुसरी लाल गाडी वळणावर दिसली. शब्दाला स्वतःचा आवाज नसतो, मित्रांनो. कुणीतरी आपला द्यावा लागतो. रोशनीने ओढणी कमरेला खोचली, छातीभर श्वास घेतला आणि गाडी थांबायच्या आधीच, अगदी मधुकररावांसारखी, ती ओरडली, "चला, जीनवाले उतरा!"