कावळ्याच्या वाट्याचा वडा

आईच्या वर्षश्राद्धाला कावळा काही येईना, आणि वेंकटराव बँकेत डेप्युटी मॅनेजर असूनही त्याला मेमो देता येत नव्हता.

गच्चीच्या कठड्यावर केळीच्या पानात भाताचा पिंड ठेवला होता, वर एक वडा. कावळा शेजाऱ्यांच्या नव्या डिश अँटेनावर बसून सगळं पाहत होता. तो शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही ही रीत, आणि दीड वाजून गेला होता. भटजींना अजून तिरुवैयारूला दुसऱ्या श्राद्धाला जायचं होतं. ते एकदा घड्याळाकडे बघत, एकदा वेंकटरावांकडे.

"आईंच्या मनात काही राहिलं असेल," ते म्हणाले. "आठवा आणि बोला."

धाकटी बहीण कमलाक्षी हात जोडून पुढे झाली. "आई, पुढच्या वर्षी सगळी मिळून तुळजापूरला जातों." कावळ्याने मान फिरवली. "अण्णा, तू बोल की. मोठा तू."

काय राहिलं ते वेंकटरावांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ते इतका वेळ धोतराचा काठ तपासत उभे होते.

आई दरवर्षी श्राद्धाच्या पंगतीत एकच गोष्ट सांगायची, आणि त्या गोष्टीतलं गाढव म्हणजे वेंकटराव. दोन वर्षांपूर्वी तंजावूरच्या शाखेत कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यामागून पुण्याचे मॅनेजर आले. वेंकटरावांनी साहेबांना जेवायला बोलावलं आणि आठवडाभर आरशासमोर पुण्याचं मराठी घोकलं. आईने मात्र ताक वाढता वाढता आपल्या तंजावरी बोलीत तीच गोष्ट सांगितली, हावभावांसकट. साहेब ठसका लागेपर्यंत हसले. ते गेल्यावर वेंकटराव म्हणाले, "आई, ती गोष्ट आतां पुरे. मला कांही मान आहे की नाही?"

"बरं बा," आई म्हणाली, आणि पुन्हा तिने ती कधीच सांगितली नाही.

तेव्हा वेंकटरावांना हायसं वाटलं होतं. शहाणपण त्यांच्याकडे नेहमी वरातीमागून घोडं यावं तसंच येई. गेलं वर्षभर ती गोष्ट आईच्या तोंडून एकदा ऐकावी म्हणून त्यांचा जीव तळमळत होता. चेकवर सही करता करता ते ती मनातल्या मनात घोळवत. त्यांच्या दहा वर्षांच्या लेकीला, हरिणीला, तर ती गोष्ट धड आठवतही नव्हती.

वेंकटरावांनी लेकीकडे पाहिलं आणि एकदाचं तोंड उघडलं.

"मी पांच वर्षांचा. आजोबांचं श्राद्ध. आई सोवळ्यांत वडे तळत होती. कावळ्याच्या पानावरचा वडा मी उचलला आणि दाराआड जाऊन तोंडांत कोंबला."

भटजींनी कानावर हात ठेवले.

"आजी आली. पाहते तों वडा नाही. मला वाचवायला आई म्हणाली, कावळा घेऊन गेला की. आजीला खरंच वाटलं. आकाशाकडे हात जोडून म्हणते, इतक्या लवकर आलांत? पोट भरलं कां?"

हरिणी पुढे सरकली. "मग, अप्पा?"

तेवढ्यात पंख फडफडले. कावळा कठड्यावर उतरला, दोन पावलं चालला आणि वड्याकडे चोच नेऊ लागला. कमलाक्षीने सुटकेने डोळे मिटले. भटजींनी पिशवी उचलली.

आणि वेंकटरावांनी उपरणं झटकून कावळ्याला उडवून लावलं.

"अण्णा, वेड लागलं कां तुला?" कमलाक्षी रडकुंडीला आली. "सकाळपासून उपाशी आहोत."

"थांबूं दे त्याला. मुख्य तेवढं राहिलं." मग ते लेकीकडे वळले. "मग दाराआडून, तोंडांत वडा घेऊन, आजीला मी उत्तर दिलं."

डेप्युटी मॅनेजर वेंकटरावांनी आईसारखेच दोन्ही गाल फुगवले, आणि डोळ्यांतून पाणी गळत असतानाच सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "काव."