गिटारपुढे ताईचा आवाज

धाकट्या भावाने गिटारसाठी नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला आणि ताईच्या जिवाला घोर लागला. इतकी वर्षं त्यांचा बँड संथ, उदास गाणी वाजवायचा. जोडपी नाचायची, ताई आरामात गायची. मग एकदा धाकट्याने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. गिटार फाटल्यासारखी गुरगुरली आणि त्या आवाजाने त्याला वेडच लावलं. ड्रमरनेही ईर्ष्येने जाड काठ्या घेतल्या. ताईच्या गळ्याला मात्र बटण नव्हतं. त्यात घशाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "ओरडाल तर आवाज कायमचा जाईल." हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी हॉल खचाखच भरला होता. पहिल्याच गाण्यात तिचे नुसते ओठ हलताना दिसले.

"बाई, गाताय की जांभया देताय?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

तिने धाकट्याला हाताने खुणावलं, कमी कर. पण तो डोळे मिटून तंद्रीत होता. निघून जावं? पुढच्याच क्षणी बेंबीच्या देठापासून तिच्या तोंडून एक खरखरीत किंकाळी निघाली, सुरातली. धाकट्याची बोटं थबकली. हॉलमध्ये टाळ्या-शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ उठला.

कार्यक्रम संपल्यावर रंगमंचामागे येऊन ती मटकन खुर्चीत बसली. घशात काहीतरी तुटलंय, असं तिला वाटत होतं.

"ताई, काय गायलीस गं! आता रोज असंच!" धाकटा मागोमाग येत म्हणाला.

"रोज असंच गायले तर मुकी होईन," ती कशीबशी पुटपुटली आणि डॉक्टरांचं सगळं सांगून टाकलं.

धाकट्याचा चेहरा पडला. "आधी का नाही बोललीस? उद्यापासून बारीक वाजवतो."

"नको रे. मलाही आवडलं ते." हे बोलताना तिला स्वतःचीच भीती वाटली. "तू वाजव हवं तेवढं. पण मी गाताना थांब. मी थांबले की परत तू."

महिनाभर ते तसाच सराव करत बसले: गिटारचा एक दणका, मग शांतता, त्यात ताईची ओळ, पुन्हा दणका. लोकांनी डोक्यावर घेतलं. गावातले दुसरे बँडही तसंच वाजवू लागले.

किंकाळी ती गाण्यात एकदाच फोडायची. त्या जागेच्या आधी दरवेळी ती धाकट्याकडे मान वळवायची, आणि धाकटा आता डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत वाजवायचा.