भारद्वाजाला दिलेली हाक

सयाजी मान्यांनी घसा खाकरला, दोन्ही तळहात तोंडाशी नेले आणि परत खाली घेतले.

"काय झालं काका? जमत नाहीये?" रक्षितानं दबक्या आवाजात विचारलं.

"जमतं गं. जमतं म्हणूनच नको वाटतंय."

हेब्बाळच्या तळ्याच्या मागच्या अंगाला, बांबूच्या बेटासमोर तिघं कालपासून बसून होते. रक्षिता पुण्याहून इथं नोकरीला आलेली दिग्दर्शिका. देवाप्पा अथणीकडचा, कॅमेरा त्याचा. आणि सयाजी कॅमेऱ्यासमोर उभे राहून पशुपक्ष्यांची माहिती सांगणारे. हा भाग भारद्वाजाचा होता आणि भारद्वाज काही बाहेर येत नव्हता. बेटातून अधूनमधून त्याचा आवाज यायचा, तेवढाच.

"एकदाच मादीची हाक द्या काका, प्लीज. उद्यापासून दुसरं शूट आहे."

"काय अण्णा तुम्ही," देवाप्पा म्हणाला. "आमच्या जत्रेत रत्नाअक्कांचा आवाज काढला होता तुम्ही. आमची आई हसून हसून मांडवात आडवी झाली होती. आणि एका पाखराला घाबरताय?"

"तुझी आई बरी आहे ना?"

"बरी आहे की. विषय बदलू नका."

सयाजींनी तीस वर्षं नकला केल्या होत्या. गणपतीच्या मांडवात, लग्नांत, मंडळाच्या संमेलनांत. कंडक्टरची करत, डॉक्टरची करत, पण लोक थांबायचे ते शेवटच्या नकलेसाठी. सयाजी प्रेक्षकांकडे पाठ करून आपल्या बायकोच्या, रत्नाबाईंच्या आवाजात हाक मारत, "अहो, ऐकलं का?" मग गर्रकन वळून नवरा होत आणि ही बोलली कुठून म्हणून स्टेजभर शोधत. मांडव कोसळायचा बाकी राहायचा. रत्नाबाई स्वतः तिसऱ्या रांगेत असत. घरी आल्यावर म्हणत, "मी काय एवढी किनरी बोलते?"

तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. सयाजींनी ती नक्कल बंद केली. मग बाकीच्या नकलांनाही कुणी बोलावेना. त्यांचा आवाज चांगला आहे असं ऐकून रक्षितानं त्यांना या कामाला घेतलं. सकाळी कुठं यायचं हे सांगायला तिचा फोन यायचा. तेवढ्यासाठी ते फोन खिशात ठेवत.

"सरी, घेऊ या," ते म्हणाले. "कॅमेरा चालू कर."

भारद्वाजात मादी मोठी असते आणि तिचा आवाज नरापेक्षा खालचा. सयाजींनी तो काढला. छातीतून, सावकाश. हूप, हूप, हूप.

बेट गप्प झालं. पुलावरून गाड्यांचा आवाज येत होता. मग बेटाच्या आतून उत्तर आलं. सयाजींनी पुन्हा हाक दिली. या वेळी उत्तर जवळून आलं.

भारद्वाज बाहेर आला तो चालत. तपकिरी पंख, लाल डोळे, आणि चोचीत एक सरडा.

"अय्यो, बघा!" देवाप्पा कुजबुजला. "नवरा बाजार करून आला!"

पक्षी मोकळ्या जागेत थांबला. त्यानं मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. दोन पावलं पुढं आला, मागं वळून बघितलं. एका झुडपाला वळसा घातला आणि पुन्हा पहिल्या जागी येऊन उभा राहिला. सरडा तसाच चोचीत. रक्षितानं हसू आवरायला तोंडावर ओढणी दाबली होती. देवाप्पाचे खांदे हलत होते. हे हसू सयाजींच्या ओळखीचं होतं. ते नेमकं याच जागी यायचं.

बराच वेळ वाट बघून भारद्वाजानं सरडा दोनदा जमिनीवर आपटला आणि स्वतःच गिळला. मग आला तसा चालत बेटात गेला.

"चार मिनिटं!" देवाप्पा म्हणाला. "सगळं घावलं."

"काका, यू आर अ जीनियस," रक्षिता म्हणाली.

सयाजी पाण्याची बाटली उघडत होते. ती न पिताच त्यांनी खाली ठेवली.

आठ दिवसांनी ते रेकॉर्डिंगला गेले. काचेच्या अलीकडे सयाजी, पलीकडे रक्षिता. समोर कागद होता. त्यांनी वाचायला सुरुवात केली, "जोडीदाराची हाक ऐकून भारद्वाज तिच्यासाठी खाऊ घेऊन..." आणि थांबले.

"काय झालं?"

"ती नव्हती तिथं."

"काका, लोकांना काय कळतंय? सगळेच करतात असं. चॅनलला तीच क्लिप आवडलीये. पुढचा सीझन त्याच्यावर आहे. तुमचं माझं, सगळ्यांचं काम."

सयाजींनी कळतंय अशी मान हलवली. पुढचा सीझन म्हणजे आणखी सहा महिने सकाळी फोन येणार. तो नसला तर काय, हे त्यांना माहीत होतं. स्टेज सुटल्यावरचं एक वर्ष त्यांनी काढलं होतं. दुपारी तीन वाजता घड्याळ बंद पडलंय की काय म्हणून उठून बघायचे.

त्यांनी कागद उलटा ठेवला आणि माइकजवळ तोंड नेलं.

"हा भारद्वाज आपल्या मादीला भेटायला आलाय. पण ती हाक मी दिली होती. मी पूर्वी नकला करायचो, त्यामुळं मला जमतं. तिथं कुणी नव्हतं. तो शोधत होता तेव्हा आम्ही हसलो. असं करू नये."

रक्षितानं रेकॉर्डिंग थांबवलं नाही. काचेपलीकडून तिचा आवाज आला.

"हे ठेवलं तर चॅनल नाही म्हणेल, काका."

"म्हणू दे."

मग तिनं विचारलं, "पुढं काय झालं त्याचं?"

"दुसऱ्या दिवशी शूटच्या आधी मी बघायला गेलो होतो. त्याच जागी आला होता. वाट बघत उभा."

"परत हाक दिलीत?"

"छे. लांब बसलो, गप्प. तिसऱ्या दिवशी पण आला. चौथ्या दिवशी नाही आला."

"म्हणजे विसरला. बरं झालं की."

"हो. बरं झालं."

रक्षिता काचेतून त्यांच्याकडे बघत राहिली.

"पण देवाप्पा म्हणत होता, आज सकाळी तुम्ही तिथं दिसलात त्याला. काल पण."

सयाजींनी कागद सुलटा केला.

"पुढची ओळ कुठनं घ्यायची?" त्यांनी विचारलं.