दान्बीची भुंग्याची वही

दक्षिण कोरियातल्या तेजॉन शहरात, आमच्या इमारतीत, माझ्या शेजारी दान्बी राहते. तिसरीत आहे. मार्चपासून तिने काचेच्या बरणीत शिंगवाल्या भुंग्याची अळी पाळली होती. रोजच्या निरीक्षणांच्या वहीतली चित्रं वेडीवाकडी, पण तारखा चोख. चोवीस मेला अळीचा कोश झाला.

"मावशी, आता तीन आठवडे हात नाही लावायचा ना?"

"अजिबात नाही," मी म्हणाले. प्रयोगशाळेत मी कीटकांवरच काम करते.

जूनच्या पहिल्या मंगळवारी तिची आई दारात आली. "डॉक्टर, हुशार मुलांच्या खास वर्गाचा अर्ज शुक्रवारी द्यायचाय. क्लासचे सर म्हणतात, भुंगा निघाल्याचा फोटो नसेल तर वही अर्धवट धरतात. मातीतून जरा उकरून काढला तर?"

"मरेल तो."

"किडाच तर आहे हो."

"दान्बीच्या आई, दहा-बारा दिवसांचा प्रश्न आहे."

"तुम्हाला मूल नाही, म्हणून दिवस मोजता येतात," ती हसत म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी तिने मला सहीसाठी बोलावलं. कोश बशीत फुटून पडला होता. चमच्याने तो दान्बीलाच काढायला लावला होता. शेजारच्या डब्यात बाजारातून आणलेला भुंगा खडखडत होता. दान्बी कोऱ्या वहीत जुनी वही उतरवत होती, प्रत्येक तारीख तीन आठवडे मागे नेऊन.

"त्रेचाळीस पानं झाली, एकच उरलंय," आई म्हणाली. "मार्गदर्शक म्हणून तुमची सही हवी."

प्रयोगशाळेत अशा तारखा कुणी लिहिल्या तर आम्ही त्याला घरी पाठवतो. इथे त्यावर खास वर्गात घेणार होते.

"नऊ वर्षांच्या पोरीला खोटं लिहायला बसवलंत तुम्ही!" माझा आवाज चढला. "आणि त्यावर माझी सही?"

"हळू बोला, तिचं लक्ष जातं." तिने बशी उचलून ओट्यावर ठेवली. "तिच्या क्लासमधल्या बाकी अकराही जणांचे भुंगे वेळेवर निघालेत, डॉक्टर. कसे निघाले असतील?"

"मी सही करणार नाही."

"नका करू. सर करतील."

दान्बीने वहीतून मान वर केली. डोळे सुजले होते. "मावशी, भुंगा कधी बाहेर आला लिहू?"

"आलाच नाही, दान्बी. तेच लिही."

"सव्वीस मे," आई ओट्यापासून म्हणाली.

दान्बीने आमच्या दोघींकडे पाहिलं. मग मान खाली घालून, सुवाच्य अक्षरात, सव्वीस मे लिहिलं.