मोरेश्वरदादांचा उजवा खांदा

आमच्या घरात वरच्या फळीवरचा डबा कोण काढतं? मी. पाच फुटांची बाई स्टुलावर चढते आणि सहा फुटांचा नवरा खाली उभा राहून "जपून गं" म्हणतो. कारण त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालताना जात नाही, केस विंचरताना जात नाही, गाडीचा पट्टा ओढताना तर "आई गं" ठरलेलं. पण शनिवारी सकाळी मैदानावर गेला की म्हणे हात एकदम ओके! मोरेश्वर अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या मराठी मंडळाचा क्वार्टरबॅक आहे ना. हसलात? हसा. मंडळात कुणी हसत नाही, तेच तर माझं दुखणं आहे.

क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला बॉल फेकणारा माणूस. बाकीच्यांनी जिवाच्या आकांतानं पळायचं, यानं फेकायचं, त्यांनी झेलायचं आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ईमेलमध्ये नाव मात्र याचं. आमची माणसं एकमेकांना आडवं पाडण्यातली नाहीत, सोमवारी सगळ्यांना ऑफिस असतं. म्हणून कमरेला रिबिनी लावतात, आणि रिबीन ओढली की धावणारा थांबला. दरवर्षी नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतल्या शनिवारी, कन्नड संघाशी सामना होतो. जिंकणाऱ्यांचा करंडक वर्षभर त्यांच्या अध्यक्षांच्या दिवाणखान्यात राहतो, आणि त्यासाठी अध्यक्ष लोक काय वाट्टेल ते करतात.

आम्ही नागपूरहून आलो तेव्हा मोरेश्वर चाळिशीच्या आत होता. कॉलेजात बाउंड्रीवरून थेट स्टंप उडवायचा. इथे तो लांबट बॉल हातात आला आणि पहिल्याच वर्षी त्यानं असा फेकला, की कन्नड संघाची माणसं माना वर करून बघतच राहिली. मीही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला होता. मग खुणेचे शब्द त्यानंच ठरवले, आणि तेही मराठीत, म्हणजे समोरच्यांना कळायला नकोत. शेजारच्याच्या हातात बॉल टेकवायचा तर 'पोहे'. लांब फेकायचा तर 'पुरणपोळी'. कन्नड संघातल्या हुबळीकडच्या चौघांना उत्तम मराठी येतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

हे झालं जुनं. आता दोन हजार सहा साल आहे, मोरेश्वर सत्तेचाळीसचा आहे आणि त्याची पुरणपोळी ताटाबाहेर जात नाही. हे आंधळ्यालाही दिसेल. टीममधला सगळ्यात वेगवान पोरगा सत्यजित, पुण्याचा, पूर्वी बॉल झेलायला पुढे पळायचा. आता बॉल सुटला की तो उलटा मागे पळत येतो आणि मोरेश्वरच्या पायाशी लोळण घेऊन झेलतो. आणि उठून अंगावरचं गवत झाडत म्हणतो काय? "दादा, काय टायमिंग आहे यार तुमचं!" लगेच दुसरा म्हणतो, "दादा मुद्दाम शॉर्ट टाकतात. स्ट्रॅटेजी आहे ती." की आमची स्वारी खूश! घरी येऊन मला सांगणार, "पोरांना अजून माझा हात कळत नाही, शरयू."

सप्टेंबरात डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, की खांद्याचा स्नायू अर्धा फाटलाय. आणखी एक जोराचा झटका बसला की उरलेलाही जाईल, मग ऑपरेशन, आणि त्यानंतरही हात पूर्वीसारखा होईल याची खात्री नाही. मी हात जोडले. म्हटलं, "बाबा रे, सोड आता." तर म्हणतो, "डॉक्टर लोक घाबरवतातच, आणि तू तर काय, काळजीची मशीनच आहेस." मी रोज बोलायचे. चहा देताना बोलायचे, मलम चोळताना बोलायचे. पण बायको बोलली की ती कटकट, आणि सत्यजित बोलला की ते तज्ज्ञांचं मत.

शेवटी मी मंडळाचे अध्यक्ष पुरुषोत्तमकाका यांच्याकडे गेले. म्हटलं, "काका, माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. एवढं सांगा, की दादा, बास झालं." काका गंभीर झाले. कमिटीची मीटिंग बोलावली. चिवडा आला, चहा आला. दादांनी थांबावं यावर सगळ्यांचं एकमत. दादांना कुणीतरी सांगायला हवं यावरही एकमत. कुणी सांगायचं म्हटल्यावर सगळ्यांनी आपापल्या चिवड्यातले शेंगदाणे शोधायला घेतले. ही तीच माणसं हं, जी ऑफिसात गोऱ्या मॅनेजरला तोंडावर "दिस वोन्ट वर्क" म्हणतात! इथे मात्र तोंडात मिठाची गुळणी. "दादांना वाईट वाटेल हो, वहिनी." मी म्हटलं, "आणि हात गेल्यावर बरं वाटेल का?" त्यावर सत्यजितनं अजून चहा मागितला.

मग काकांना सुचलं. "आपण दादांचा सत्कार करू!"

सगळ्यांचे चेहरे उजळले. माझाही, कबूल करते. कारण आपल्यात माणसाच्या अंगावर शाल टाकली आणि हातात नारळ दिला, की त्याचा अर्थ काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. आता घरी बसा, आणि गोड मानून घ्या. एक वाईट शब्द बोलावा लागत नाही. शाळेतले मास्तर असेच घरी जातात, बँकेतले साहेब असेच घरी जातात, मग आमचा क्वार्टरबॅक का नाही जाणार?

दिवाळीच्या कार्यक्रमात सत्कार झाला. शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. शाल झाली, श्रीफळ झालं, फ्रेम केलेलं मानपत्र झालं. मग भाषणं. मला वाटलं, कुणीतरी 'निरोप' म्हणेल, 'विश्रांती' म्हणेल, निदान 'कृतार्थ' तरी म्हणेल. नाव नको. एकदा माइक हातात आल्यावर आमच्या लोकांना कोण आवरणार? काका म्हणाले, "असा हात शतकातून एकदा जन्माला येतो." सत्यजित म्हणाला, "दादांच्या बॉलला अजून तीच धार आहे." एकानं तर मोरेश्वरची तुलना बाजीरावाशी केली. हरभऱ्याच्या झाडावर चढवतात म्हणतात ते यालाच. मोरेश्वरचे डोळे भरून आले. उत्तर द्यायला उठला आणि म्हणाला, "मित्रांनो, खरं सांगतो, मनात थांबायचे विचार येत होते. पण आज तुमचं प्रेम पाहिलं. आता अजून पाच वर्षं मी हलत नाही!"

हॉलभर टाळ्या. काकाही वाजवत होते, बिचारे, दुसरं करणार काय? शेजारी बसलेली आमची राधिका माझ्या कानाशी लागली. पंधरा वर्षांची कार्टी, पण बापाला बरोब्बर ओळखते. "मॉम, ही थिंक्स इट्स अ प्रमोशन."

तर असा तो बाजीराव थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी मैदानात उतरला. कडाक्याची थंडी. मी घडीच्या खुर्चीवर ब्लँकेट गुंडाळून बसले होते आणि देवाला एकच सांगत होते, हरू दे, जिंकू दे, पण याला लांब फेकू देऊ नकोस. पंच म्हणून राधिकाच्या शाळेचे पी.टी.चे सर आले होते. सामना पोह्यांवर चालला होता. पोहे, पोहे, परत पोहे. सत्यजित लोळत होता, उठत होता, "वा दादा" म्हणत होता. शेवटच्या मिनिटाला आम्ही थोडक्यानं मागे होतो. सत्यजित हळूच म्हणाला, "दादा, पोहेच टाका, मी पळतो पुढे."

मोरेश्वरनं मान हलवली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "पुरणपोळी!"

आमची माणसं सवयीनं मागे त्याच्याकडेच पळत आली. "अरे, पुढे जा, पुढे!" तो खेकसला. मी खुर्चीतून उठले. "मोरेश्वर, नको!" म्हणाले, पण तोवर त्यानं हात मागे नेला होता. त्यानं फेकला. त्याच्या तोंडून कसलासा आवाज आला, तो मला इतक्या लांबून ऐकू आला. बॉल वर चढला आणि गॅस बंद केलेल्या दुधासारखा जागच्या जागी खाली बसला. खाली गुरुदत्त उभा होता, कन्नड संघाचा कप्तान, चोवीस वर्षांचा, युनिव्हर्सिटीत शिकणारा मुलगा. बॉल थेट त्याच्या हातात. त्यानं छातीशी धरलाही. म्हणजे बॉल त्यांचा, सामना त्यांचा.

गुरुदत्तनं मोरेश्वरकडे पाहिलं. मोरेश्वर डाव्या हातानं उजवा खांदा धरून वाकला होता. आणि त्या पोरानं हळूच हात सैल सोडले. बॉल गवतावर पडला.

पी.टी.च्या सरांनी शिट्टी वाजवली. झेल सुटला, म्हणजे बॉल परत आमचाच. आमच्या लोकांनी एकच गिल्ला केला. काका तर नाचायलाच लागले.

मोरेश्वर नाचला नाही. खांदा धरून तसाच चालत गुरुदत्तपर्यंत गेला. "झेलला होतास. का सोडलास?"

गुरुदत्त खाली बघून म्हणाला, "सॉरी, अंकल." मग खांद्याकडे बोट करून, "माय फादर हॅज द सेम शोल्डर."

मोरेश्वर वळला. सरांकडे गेला आणि म्हणाला, की यानं झेलला होता, मी पाहिलं, बॉल त्यांचा आहे. सर म्हणाले, "आर यू शुअर?" तो म्हणाला, "आय ॲम शुअर." संपला सामना. करंडक कन्नड संघाकडे गेला.

आणि मग काय सांगू! इतकी वर्षं मुकी असलेली माणसं बोलू लागली. सत्यजित तर भडकलाच. "दादा, काय केलंत हे! दोन वर्षं मी तुमच्या पायाशी लोळतोय, गुडघे सोलून निघाले माझे! बॉल दहा फूट जात नाही तुमचा, आणि वर पुरणपोळी म्हणे!" मागून दुसरा बोलला, तिसरा बोलला. काका मोकळे हात चोळत म्हणाले, "मोरेश्वर, सत्कार कशासाठी केला होता असं वाटलं तुम्हाला?"

हेच तर मला हवं होतं ना? कुणीतरी सांगावं, एवढ्यासाठी मी दारोदार फिरले होते. पण तो तिथे मान खाली घालून ऐकत होता, आणि माझ्या डोक्यात सणक गेली. "आता वाचा फुटली होय रे?" मी ओरडले. "त्याचा खांदा जात होता तेव्हा शेंगदाणे निवडत होतात, आणि करंडक गेला तर जीभ सुटली! लाजा नाही वाटत?" सगळे खुर्च्या घडी करायला लागले.

गाडी मी चालवत होते. मोरेश्वर शेजारी, हात मांडीवर टाकलेला. वर्षभराचं सगळं माझ्या ओठांवर तयार होतं, पण ते गिळलं. फक्त एवढंच विचारलं, "अरे, माहीत होतं ना तुला? मग का फेकलास?"

"सत्काराच्या दिवशी सगळे बोलले ना," तो म्हणाला, "ते मला खरं वाटलं गं."

सिग्नलला गाडी थांबली. मी पाहिलं तर तो रडत होता, अगदी लहान मुलासारखा, नाक ओढत. "फार दुखतोय का रे? डायरेक्ट इमर्जन्सीलाच जाऊ या."

"खांदा ना? तो गेला. कळलं मला तेव्हाच," तो म्हणाला. "त्याचं नाही काही. माझा झेललेला बॉल सोडला गं त्या पोरानं."