वरची वाळू, खालची वाळू

शिवांगीचं डोकं पार चक्रावलं होतं. वरच्या नळीतली वाळू निघाली दोन लाख दहा हजार वर्षांची, आणि तिच्याखाली चार मीटरवरची एक लाख सत्तर हजारांची. नंतर पडलेली वाळू आधीच्या वाळूखाली जाईल कशी?

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या प्रयोगशाळेत ती वाळूचं वय काढायची. शेवटचा उजेड पाहून किती वर्षं झाली, हे वाळूचे कण सांगतात. पण पुन्हा उजेड लागला की सगळं पुसलं जातं. म्हणून नळ्या उघडायच्या त्या मिणमिणत्या तांबड्या दिव्यात, चाचपडत. पुण्याहून आलेली ही बाई फिजिक्सची. भूगर्भशास्त्राशी तिचा संबंध नळीच्या चिठ्ठीवरच्या खोलीच्या आकड्यापुरता. समुद्राकडच्या सपाट कुरणांपर्यंत हिमयुगातला बर्फ पोचला होता का, हा प्रश्न तिच्या साहेबांचा, हेंक यांचा; नळ्या त्यासाठीच तिथल्या एका कुरणात खोल भोक पाडून काढलेल्या. पोचला होता, असं ते वीस वर्षं सांगत होते आणि लोक मान डोलावून विषय बदलत होते.

तिने पुन्हा मोजलं. तेच. वही चाळली, वहीत सगळं चोख. शेवटी जेवणाच्या सुट्टीत तिने नवऱ्याला, यतीनला फोन लावला. तो आइंडहोव्हनला कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत.

"अगं, लेबलं उलटी लागली असणार! आमच्याकडे सिलिकॉन वेफरच्या लॉटचं होतं असं. ऑब्व्हियस आहे. स्वॅप कर आणि मोकळी हो."

"पण मला तसं आठवत नाहीये रे."

"अंधारात काय आठवणार?"

खरंच की. अंधारात आपण चुकलो नाही, याची खात्री कोण देणार? दोन दिवस तिने मनाशी घोळ घातला. तिसऱ्या दिवशी तक्त्यातली नावं बदलली, नळ्यांवरच्या चिठ्ठ्याही बदलल्या, आणि सुतासारखा सरळ तक्ता हेंकना पाठवून दिला. वहीत मात्र या बदलाबद्दल अक्षरही लिहिलं नाही.

संध्याकाळी हेंक तिच्या टेबलापाशी आले.

"थर अगदी क्रमाने आहेत," ते म्हणाले. "म्हणजे बर्फ तिथे आला नव्हता. आला असता तर त्याने जमीन रेटून जुने थर नव्यांवर चढवले असते. मी चुकलो. उद्याच्या बैठकीत सांगून टाकतो." आणि ते चक्क हसले. ते हसू बघून शिवांगीला रडू कोसळायचंच बाकी राहिलं.

"तक्ता आधी उलटा होता," ती म्हणाली. "मी सरळ केला. मला वाटलं, चिठ्ठ्या माझ्याकडूनच चुकीच्या लागल्या."

"लागल्या होत्या?"

"माहीत नाही. आधी वाटत होतं, नाही. आता काहीच कळत नाही."

हेंक खुर्ची ओढून बसले. कुरणातलं भोक कधीच बुजवलं होतं, आणि नवं पाडायला वेळ नव्हता; जूनमध्ये हेंक निवृत्त होणार होते.

"मी पूर्ववत करते," ती घाईघाईने म्हणाली. "तुमचंच बरोबर निघेल."

"म्हणूनच नको," हेंक म्हणाले. "मला हवं होतं म्हणून तू फिरवलंस, असं लोक म्हणतील. आणि शिवांगी, मलाही तसंच वाटत राहील."